सारवलेली पडवी : दीर्घकालीन शोकाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतलं आहे. संबंधित कुटुंबाची लेखी संमती घेऊन आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून मी ते मांडत आहे. तरुण मुलगा अपघातात गेल्यानंतर दोन वर्षं उलटली तरी जिचं दुःख जराही हललं नव्हतं, अशा एका आईसोबत नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात मी सोळा भेटी केल्या. त्या वेळी मी दीर्घकालीन शोकाच्या उपचारपद्धतीचं प्रशिक्षण घेत होते आणि हे माझं पर्यवेक्षणाखालचं पहिलं पूर्ण प्रकरण होतं. त्यात माझ्याकडून एक चूक झाली आणि प्रशिक्षणामुळेच ती वेळीच लक्षात आली, म्हणून ती चूक इथे सविस्तर लिहिली आहे. दुःखी माणसांसोबत काम करणाऱ्या बहुतेकांच्या हातून ती होते, असं मला वाटतं.

घटना आणि पार्श्वभूमी

या आईचं, म्हणजे काकींचं, वय ५८. यजमान मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेले, आंबा-काजूची थोडी बाग, एक लग्न झालेली मुलगी आणि भांडुपला इलेक्ट्रिकची कामं करणारा २९ वर्षांचा मुलगा. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. गणपतीसाठी येणाऱ्या चाकरमान्याला कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं किती अवघड असतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू व्हायची. मुलाला तिकीट मिळालं नाही, म्हणून तो वाडीतल्याच एका मित्राच्या गाडीतून २८ तारखेच्या रात्री निघाला. रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण रखडलेल्या पट्ट्यात, पहाटे गाडी उभ्या ट्रकवर आदळली. मित्राचा पाय मोडला, मुलगा जागीच गेला.

आदल्या संध्याकाळी काकींनी त्याला फोन केला होता. “गाडयेची वाट बघू नको, मिळात त्या गाडयेन ये,” हे त्यांचं त्याच्याशी शेवटचं वाक्य.

घरात सुतक आलं. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, सांगून ठेवलेली मूर्ती त्या वर्षी घरी आली नाही आणि मूर्तीसाठी दिलेला घरचा पाट तिथेच राहिला. सुतकाच्या वर्षी असं होतंच, त्यात वावगं काही नाही. पण २०२३ आणि २०२४ सालीही काकींनी गणपती आणू दिला नाही. भावकीने चुलत दिरांच्या घरी पूजा केली आणि काकी त्या दिवसांत दार लावून आत बसून राहिल्या. मुलाची बॅग पोलीस ठाण्याची चिठ्ठी लावलेल्या स्थितीतच माळ्यावर पडून होती. त्याच्या खोलीला कुलूप होतं. रक्तदाब वाढल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं होतं, पण त्या गेल्या नाहीत, कारण ओरोसला जायचं तर कसालला हायवेवर यावं लागतं. त्या रस्त्याला दोन वर्षांत त्यांचा पाय लागला नव्हता. हे बारकाईने हेरलं ते गावच्या आशाताईंनी. “काकी गोळ्या घेतत, पण मालवणाच्या पुढे जाणत नाय,” असं त्यांनी मला कळवलं. मी मालवणात बसते, म्हणून काकी माझ्याकडे येऊ शकल्या.

नैराश्याच्या गोळ्या दीड वर्ष सुरू होत्या. झोप थोडी सुधारली होती, बाकी काहीच हललं नव्हतं. अनुभवाने हे अनेक डॉक्टरांना ठाऊक असतं आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. कॅथरीन शिअर आणि सहकाऱ्यांनी ३९५ प्रौढांवर केलेली जी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात नैराश्याच्या गोळीने शोकाच्या मूळ लक्षणांवर लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो शोकासाठीच आखलेल्या संवाद-उपचाराने, आणि त्या उपचाराच्या जोडीला घेतल्यावर गोळीने नैराश्याची लक्षणं मात्र कमी झाली. म्हणून काकींची गोळी आम्ही बंद केली नाही, पण तिच्याकडून जे होणार नव्हतं त्याची अपेक्षाही ठेवली नाही.

निदानाविषयी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात दीर्घकालीन शोक विकाराला स्वतंत्र स्थान मिळालं. गेलेल्या माणसाची सतत ओढ किंवा त्याच्याच विचारात गढून जाणं, त्यासोबत तीव्र भावनिक वेदना, आणि हे सगळं किमान सहा महिने. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची मर्यादा घातली. दोन्हीकडे एक अट समान आहे : हा शोक त्या व्यक्तीच्या समाजात, धर्मात आणि रीतिरिवाजात जेवढा अपेक्षित आहे त्याहून स्पष्टपणे अधिक असला पाहिजे.

या अटीवर मी बराच वेळ अडखळले. कोकणात मुलगा गेलेल्या आईने वर्षभर सण करू नये, हे सगळ्यांना मान्य असतं. तिने पाच वर्षं नवं लुगडं नेसलं नाही तरी कुणी तिला आजारी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. काकींच्या बाबतीत निर्णायक ठरलं ते भावकीचं म्हणणं. वर्षश्राद्ध झाल्यावर थोरल्या जावेने स्वतः येऊन “आता गणपती हाडूया” असं सांगितलं होतं, म्हणजे रीतीने वाट मोकळी करून दिली होती आणि तरीही काकींचं पाऊल उचललं जात नव्हतं. शोकाच्या तीव्रतेसाठी वापरली जाणारी एकोणीस प्रश्नांची सूची मी मालवणीत बोलत बोलत भरून घेतली. ७६ पैकी ४७ गुण आले. पाश्चात्त्य अभ्यासांत २५ च्या वरचे गुण चिंतेचे मानले जातात. बोलीत तोंडी विचारलेल्या प्रश्नांच्या गुणांना मी निदानाचा पुरावा मानला नाही, पण पुढची तुलना करायला त्यांचा उपयोग झाला.

जीव देण्याचा विचार येतो का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. प्रशिक्षणात हा प्रश्न आडवळणाने विचारायला मनाई आहे. काकी म्हणाल्या, की बावीवर पाणी काढताना मनात येतं, पण यजमानांना जेवण कोण घालणार म्हणून त्या मागे फिरतात. त्या दिवशी मुलीला बोलावून घेतलं, पहाटे एकटीने बावीवर जायचं नाही असं ठरलं आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मुलीच्या व यजमानांच्या फोनमध्ये घालून दिला. हा प्रश्न पुढच्या प्रत्येक भेटीत मी पुन्हा विचारला.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत काकी म्हणाल्या, “मियाच बोलवलंय त्येका.” मी ताबडतोब म्हटलं, “काकी, यात तुमची काही चूक नाही. ट्रक रस्त्यात उभा होता, त्यात तुम्ही काय करणार?” वाक्य खरं होतं. माझा हेतूही चांगला होता. काकींनी पदर सारखा केला, “होय बाय, सगळे तसाच म्हणतत,” असं म्हणाल्या आणि उरलेली चाळीस मिनिटं मुलीच्या सासरविषयी बोलत राहिल्या.

या पद्धतीत प्रत्येक भेट संमतीने ध्वनिमुद्रित होते आणि पर्यवेक्षक ती ऐकतात. माझे पर्यवेक्षक मनोविकारतज्ज्ञ, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी तो तुकडा मला दोनदा ऐकवला आणि एवढंच विचारलं, की काकींचं वाक्य संपल्यापासून माझं वाक्य सुरू होईपर्यंत किती वेळ गेला. एक सेकंदही गेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, “ते वाक्य कुणाच्या सोयीसाठी होतं?”

मला उत्तर माहीत होतं. प्रशिक्षणाच्या आरंभी प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातल्या एका मृत्यूची हकिगत गटात सांगावी लागते. माझे वडील गेले तेव्हा मी परीक्षेसाठी पुण्यात होते, आणि ती हकिगत सांगताना मी दोन वाक्यांत शेवटाला पोहोचले होते, हे गटाने मला तेव्हाच दाखवून दिलं होतं. आईचा अपराधभाव ऐकत बसणं मला सोसवत नव्हतं, म्हणून मी तो तिच्या हातून काढून घ्यायला गेले. आजूबाजूची माणसं दोन वर्षं तेच करत होती. “देवाच्या मनात होतं,” “आता विसरा,” “लेकीकडे बघा,” या वाक्यांच्या ओळीत माझंही एक वाक्य जाऊन बसलं, आणि सांत्वन करणाऱ्यांशी जसं बोलायचं तसं काकी माझ्याशीही बोलू लागल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे समुपदेशनाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत दुःखाविषयी शिकवलं जातं ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच अवस्थांपुरतं : नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. १९६९ साली त्यांनी हे मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या नातेवाइकांशी बोलून नव्हे. मीही अनेक वर्षं घरच्यांना त्या पाच पायऱ्यांचा कागद देत होते. त्याने नुकसान होतं ते असं, की समुपदेशक समोरच्या माणसाला पायरीवर बसवतो आणि पुढच्या पायरीची वाट बघत राहतो. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेलं दुहेरी प्रक्रियेचं प्रारूप मला काकींच्या घराशी अधिक जुळणारं वाटलं. दुःखी माणूस कधी नुकसानीकडे तोंड करतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि हे येणं-जाणं चालू असणं हेच निरोगीपणाचं लक्षण. काकी एका टोकाला खिळल्या होत्या आणि यजमान दुसऱ्या. ते पहाटे बागेत जात ते अंधार पडल्यावर परतत, आणि मुलाचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीला जवळच्या माणसाला सोबत आणायचं असतं. यजमान आले. पूर्ण वेळ टोपी हातात धरून बसले. मी त्यांना काही समजावलं नाही. निघताना ते म्हणाले, की पडवीला लादी बसवली ती हिच्या सांगण्यावरून, पण का ते हिने सांगितलं नाही. पहिल्या गृहभेटीत ती नवी लादी मीही पाहिली होती. जुन्या मातीच्या घराला ती शोभत नव्हती, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

चौथी भेट आणि नंतरच्या भेटी

चौथ्या भेटीपासून या उपचाराचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. मृत्यूची बातमी कळली त्या क्षणापासून पुढची हकिगत डोळे मिटून, आत्ता घडते आहे अशा भाषेत, साधारण दहा मिनिटं सांगायची. मधूनमधून वेदना शून्य ते दहापैकी किती आहे ते विचारायचं. त्यानंतर डोळे उघडून, जे सांगितलं त्याविषयी बोलायचं, मग ती हकिगत मनातल्या मनात मिटून ठेवायची आणि घरी जाताना स्वतःसाठी एखादी लहानशी चांगली गोष्ट करायची. ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचं असतं. काकींच्या घरात एकांत नव्हता. त्या मुलीने दिलेला जुना फोन कानाला लावून परसातल्या फणसाखाली बसत, आणि वाडीतल्यांना वाटे की मुलीशी बोलताहेत. चांगली गोष्ट म्हणून त्यांनी मालवणच्या बाजारातून अबोलीचा वळेसर घ्यायचं ठरवलं. पहिल्या वेळी तो पिशवीतच सुकला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो देवाला घातला.

पहिल्या दोन वेळा हकिगत एका ठरावीक वळणाने गेली : संध्याकाळचा फोन, मग एकदम अँब्युलन्स दारात. मधले तास नव्हतेच. पर्यवेक्षकांनी मला सांगितलं, की प्रश्न विचारून ती भेग उघडू नका, फक्त गती कमी करा. तिसऱ्या वेळी मी एवढंच म्हटलं, “फोन ठेवला. पुढे हळूहळू या.”

काकी सांगू लागल्या. पहाटे साडेचारला यजमानांचा फोन वाजला. ते बाहेर जाऊन बोलले. परत येऊन म्हणाले, गाडी बंद पडली आहे, उशीर होईल. काकींनी चहा ठेवला. दोन दिवसांवर गणपती, म्हणून त्यांनी शेण-माती कालवून पडवी सारवायला घेतली. अर्धी पडवी सारवून झाली तेव्हा थोरली जाऊ आली आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिली. मग आणखी दोघी. मग पुरुष. कुणी बोलेना. काकी वाकून सारवत होत्या, त्यांना फक्त पाय दिसत होते.

इथे त्या थांबल्या. वेदना किती, असं विचारल्यावर दहा म्हणाल्या. मी काही बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “मिया तेंका सांगितलंय, पाय ठेवू नकात, सारवण ओला आसा.”

वाडीला कळलेलं होतं. मुलगा पाच तासांपूर्वी गेलेला होता. आणि आई लोकांना ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून सांगत होती. तोच चिखलाने भरलेला हात कुणीतरी धरला तेव्हा तिला समजलं. फोनची गोष्ट काकींनी सगळ्यांना सांगितली होती, ती सांगता येण्याजोगी होती आणि तिला उत्तरही मिळत होतं. सारवणाची गोष्ट त्यांनी दोन वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. आपल्या लेकराचा जीव गेला आणि आपल्याला जमिनीची काळजी होती, असली आई असते का, हा प्रश्न त्या एकट्याने वागवत होत्या. लादी त्यासाठी बसवली होती. पुन्हा कधी सारवावं लागू नये म्हणून.

दुसऱ्या भेटीत मी फोनच्या अपराधभावाला उत्तर दिलं नसतं, तर ही हकिगत तेव्हाच निघाली असती असं मी म्हणत नाही. पण त्या उत्तराने तिचा रस्ता अडवला होता, हे नक्की. या वेळी मी “तुमची चूक नाही” म्हटलं नाही. मी विचारलं, “तुमच्या हाताला काय लागलं होतं?” काकींनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि शेणाचा वास, मातीचा गारवा, बांगडीत अडकलेली काडी, असं बारीक बारीक सांगत राहिल्या. त्या भेटीच्या शेवटी त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

ध्वनिमुद्रण ऐकून पर्यवेक्षकांनी एक प्रश्न विचारला, जो कुठल्याही परदेशी पुस्तिकेत नाही : “दहाव्याला कावळा शिवला का?” मी विचारलं नव्हतं. पुढच्या भेटीत विचारलं. कावळा दोन तास शिवला नव्हता. समुद्राकडच्या बाजूला माणसं ताटकळत होती, कुणीतरी म्हणालं, “तेचो जीव गणपतीत अडकलो,” आणि चुलत दिरांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं, “तुझो गणपती चुकाचो नाय.” कावळा लगेच पिंडाला शिवला. म्हणजे मुलाला शब्द दिला गेला होता, आणि दोन वर्षं तो शब्द आपल्यामुळे पाळला जात नाही, हेही ओझं काकींवर होतं. गणपती आणला तर सारवलेली पडवी समोर येते, न आणला तर दहाव्याचा शब्द मोडतो. बाहेरून जो हट्ट दिसत होता त्याच्या आत अशी कोंडी होती.

प्रशिक्षण घेताना पद्धतीचा सांगाडा जसाच्या तसा पाळावा आणि त्यातले प्रश्न आपल्या मातीतले असावेत, हे मी या प्रकरणात शिकले. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं, वर्षश्राद्ध, भाद्रपदातला म्हाळ, ही आपल्याकडची शोकाची आखलेली वाट आहे. ती कुठे तुटली हे ठाऊक नसेल, तर समुपदेशकाला अर्धंच प्रकरण ठाऊक असतं. श्रद्धा ठेवायची की नाही, हा इथे प्रश्नच नाही.

टाळलेल्या गोष्टींकडे

पाचव्या भेटीपासून, आजवर टाळलेल्या जागा आणि वस्तू यांच्याकडे थोडं थोडं जायचं असतं. कुठून सुरुवात करायची ते काकींनी ठरवलं. आधी मुलाच्या खोलीचं कुलूप, मग संध्याकाळी वाजणारा फोन स्वतः उचलणं, मग मुलीसोबत एसटीने कसालच्या तिठ्यापर्यंत जाऊन परत येणं. तिठ्यावर त्या पहिल्यांदा उतरल्या तेव्हा बाकड्यावर पंधरा मिनिटं डोळे मिटून बसल्या. चौथ्या खेपेला त्यांनी तिथे चहा घेतला. फेब्रुवारीत ओरोसला जाऊन रक्तदाब तपासून आल्या.

बॅग त्यांनी शेवटी ठेवली होती. नववी भेट त्यांच्या घरी झाली. माळ्यावरून बॅग यजमानांनी काढली. आत तीन शर्ट, एक जीन्स, मखरासाठी घेतलेली दिव्यांची माळ, टेस्टर, इन्सुलेशन टेपचं भेंडोळं आणि अर्धवट संपलेली खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी होती. काकींनी शर्ट हुंगले नाहीत की छातीशी धरले नाहीत. कॉलरवरचा मळ अंगठ्याने चोळून पाहिला, म्हणाल्या, “मुंबयची घाण,” आणि उठून ते बावीवर नेऊन धुतले. दुपारभर ते तीन शर्ट खळ्यातल्या दोरीवर वाळत होते. वाटेने जाणारी माणसं थबकत होती. यजमान त्या दिवशी बागेत गेले नाहीत. पडवीच्या पायरीवर बसून ते शर्टांकडे बघत राहिले.

आठवणींवरच्या भेटींविषयी फार लिहिण्यासारखं नाही. त्या सुरळीत झाल्या. मुलाच्या चांगल्या आठवणींसोबत त्याचे दोषही काकी मोकळेपणाने सांगू लागल्या, हे मात्र मी चांगलं चिन्ह मानलं. तो पैसे टिकवत नसे आणि फोन उचलत नसे, हे त्यांनी चिडून सांगितलं. एरवी गेलेल्या मुलाविषयी आया असं बोलत नाहीत.

अकराव्या भेटीत गेलेल्या माणसाशी संवाद असतो. त्याला काय विचारायचं ते विचारायचं, आणि मग त्याच्या जागेवरून उत्तर द्यायचं. मला हे कृत्रिम वाटत आलं होतं आणि काकी नकार देतील अशी खात्री होती. काकींना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. देवळात तरंग (देवाची सजवलेली काठी) धरणाऱ्या अवसऱ्याच्या अंगात येऊन देव बोलतो ते पाहत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून बोलणं परकं नसतं. त्यांनी सारवणाची गोष्ट मुलाला सांगितली आणि त्याची क्षमा मागितली. मग बराच वेळ गप्प राहिल्या. मुलाचं उत्तर आलं ते असं : “आये, पाय धुतल्याशिवाय तू माका तरी खंय घरात घेय होतंस?”

हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता आणि ओठांच्या कडेला हसू होतं. मी दुसऱ्या भेटीत जे सांगायला धावले होते ते या वाक्यात होतं, पण ते आता त्यांच्या मुलाने सांगितलं होतं.

शेवट आणि पाठपुरावा

सोळावी भेट एप्रिलमध्ये झाली. गुण २१ वर आले होते. बावीवरचा विचार जानेवारीनंतर आला नव्हता. २९ जुलै २०२५ ला नागपंचमी होती. त्या दिवशी काकी स्वतः घरचा पाट घासूनपुसून गणपतीच्या शाळेत देऊन आल्या. २७ ऑगस्टला चतुर्थीच्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, कवंडळ, नारळ, सुपारीचा शिपटा बांधलेला होता आणि मुलाने घेतलेली दिव्यांची माळ मखरावर लावलेली होती. आरतीच्या वेळी काकी आत निघून गेल्या आणि आरती संपल्यावर बाहेर आल्या. लादीवर, गणपतीच्या पाटाखाली हातभर जागा त्यांनी शेणाने सारवून घेतली होती. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सगळं सुटलेलं नाही. गाडी चालवणारा मित्र चतुर्थीला खळ्यापर्यंत आला आणि काकींनी त्याला आत बोलावलं नाही. रात्रीचा प्रवास त्या अजून करत नाहीत. म्हाळाच्या पंधरवड्यात त्यांची झोप आठ दिवस गेली होती. त्या काळात आम्ही दोनदा फोनवर बोललो.

आमच्या केंद्राच्या पहिल्या भेटीच्या नोंदपत्रात आता दिवसकार्याविषयीचे तीन प्रश्न घातले आहेत. प्रशिक्षणार्थींच्या नव्या गटाला मी दुसऱ्या भेटीतला तो तुकडा ऐकवते, काकींच्या परवानगीने. अपराधभावाच्या वाक्यानंतर किमान तीन श्वास गप्प राहायचा सराव आम्ही जोडीजोडीने करतो. बहुतेकांना तिसऱ्या श्वासापर्यंत जाता येत नाही.

माझी खरी काळजी यजमानांची आहे. पहाटेचा फोन त्यांनी घेतला होता. गाडी बंद पडली आहे हे खोटं त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या देखत काकी पडवी सारवायला बसल्या होत्या. तिसऱ्या भेटीनंतर ते माझ्याशी एकट्याने कधी बोललेले नाहीत. चतुर्थीला निघताना ते मला तिठ्यापर्यंत सोडायला आले, वाटेत पावसाविषयी बोलले आणि एसटी आल्यावर म्हणाले, की काजूचं काम संपलं की एकदा मालवणात येऊन जातो. त्यांच्या नावाचं पान मी उघडून ठेवलं आहे आणि पुढच्या पर्यवेक्षणात तेच मांडणार आहे.